बावीस मिनिटांची खुर्ची

पडद्यावरची बाई खुर्चीतून उठली, आणि इकडे तिचा अंगठा घड्याळाच्या बटणावर आपोआप खाली गेला. विचार करून नाही, पापणी लवते तसा. पहिल्या नोकरीत ज्यांनी तिच्या हातात हे घड्याळ दिलं ते मास्तर म्हणायचे, हात सुटला की घड्याळ सुटलं पाहिजे. कामगाराचा हात कामावरून सुटला की तुमचा अंगठा खाली. हात परत लागला की परत. मधलं आपलं नाही. मधलं म्हणजे पाणी पिणं, नाक पुसणं, शेजारणीच्या कानात काहीतरी सांगून हसणं, उगीच छताकडे बघणं. सहा वर्षं ती हे मधलं सोडत आली होती, आणि मोजण्याला हात बसतो तसा न मोजण्यालाही बसतो, हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं. आता पडद्यावर नुसती खुर्ची होती. पाठीवर निळा स्वेटर टाकलेला, एक बाही जमिनीला टेकलेली. भिंगाचा दिवा चालू होता आणि त्याच्या पांढऱ्या गोलात शेंगदाण्याएवढं कानयंत्र पोट उघडं टाकून पडलं होतं. तिकडच्या कारखान्यात चित्रण करणाऱ्या माणसाने कॅमेरा बंद केला नव्हता, की नंतर तेवढा तुकडा कापलाही नव्हता. कोपऱ्यातले आकडे चाललेच होते. चार मिनिटं झाली, नऊ झाली. इकडे ती उठून चहा घेऊन आली तरी पडद्यावरची खुर्ची रिकामीच. बाविसाव्या मिनिटाला बाई परत आली, शर्टाचं वरून तिसरं बटण लावत. बसली. दोन्ही खांदे एकदा मागे घेऊन सैल सोडले, चिमटा उचलला, आणि ज्या तारेवर सोडलं होतं त्याच तारेवर हात ठेवला.

त्या खांदे मागे घेण्यातच तिला सगळं कळलं. काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. तिच्या स्वतःच्या छातीत त्याच क्षणी दोन्हीकडून कळ आली, आणि कामाच्या कोटाखाली ओल पसरली. तिने फाइल छातीशी धरली आणि दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. सोबत आलेल्या तक्त्यात कामातल्या प्रत्येक खंडापुढे कारण लिहायचा रकाना होता. इकडच्या तक्त्यातही असतो. त्यात पाणी, शौचालय, गप्पा आणि इतर एवढेच पर्याय छापलेले असतात. तिकडच्यात कुणीतरी हाताने एकच शब्द लिहिला होता: बाळ. आणि शेवटच्या रकान्यात: पगारी.

एकाच कंपनीचे दोन कारखाने, दोन देशांत. दोन्हीकडे तेच भिंग, तोच चिमटा, त्याच दोन केसासारख्या तारा, त्यांना जोडणारा तोच तापलेला डाख, आणि शेवटी यंत्र स्वतःच्या कानात घालून ऐकून बघायचं, तेही तसंच. तिकडे आठवड्याचे साडेसदतीस तास, इकडे चोपन्न. तिकडे एका तासाला जे मिळतं त्यासाठी इकडे चार तास बसावं लागतं. हे आकडे तिला पाठ होते, कारण गेला महिनाभर ती हेच जुळवत होती. नवी लाईन कुठे टाकायची, तिकडे की इकडे, ते मुख्य कचेरी तिच्या तक्त्यावरून ठरवणार होती. मजुरी इकडे स्वस्त, हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण माल इकडून न्यायचा, तिकडे पुन्हा तपासायचा, नापास झालेला परत आणायचा, ह्यात स्वस्ताई बरीचशी आटून जायची. सगळं शेवटी मिनिटांवर येऊन अडलं होतं. तिकडे एका नगाला साडेचार मिनिटांच्या वर लागत असतील आणि आपल्याला पावणेसहाच्या आत, तर लाईन आपली. साहेबांनी हे तिला इतक्यांदा सांगितलं होतं की घरी कुकरच्या शिट्या मोजताना साडेचार हा आकडा मध्येच डोकं वर काढायचा. लाईन आली की तिची नोकरी कायम होणार होती. अकरा महिन्यांच्या कराराची ही तिसरी फेरी. कायम झालं की सुट्टी, दवाखाना, शिवाय आपण उद्या इथे असू की नाही ही धाकधूक गेली. ठकी पोटात असताना तिने करारातला एकेक दिवस बोटांवर मोजला होता, आणि सातव्या आठवड्यात, टाके अजून ओढत असताना, ती परत ह्या खुर्चीवर येऊन बसली होती. ठकी म्हणजे तिची मुलगी. खरं नाव मोठं आहे, पण घरात लाकडी बाहुलीसारखी टकामका बघत पडून राहते म्हणून ठकी. आता पाच महिन्यांची.

अंगठ्याने जे सांगितलं ते तिने लिहून दिलं. चार मिनिटं दहा सेकंद.

"चार-दहा?" साहेब काचेच्या केबिनमधून स्वतः उठून बाहेर आले. ते वाईट गृहस्थ नव्हते. बारशाला त्यांनी चांदीचा वाळा पाठवला होता. "तिकडची बाई आहे का शिवणयंत्र? आपल्या बायका पाच-चाळीस घेतात."

"आपल्या नऊ तास बसतात, साहेब."

"मग तर हात जास्त बसायला पाहिजे."

"नवव्या तासाचा हात पहिल्या तासाचा नसतो."

"हे तुझं कॉलेजातलं झालं. मला चित्रफीत दाखव." त्यांनी उभ्या उभ्या पाहिली. बाई उठली, खुर्ची राहिली. साहेबांनी पुढे सरकवली, खुर्ची. अजून पुढे, खुर्ची. मग ते हसले, मनापासून, हरवलेली किल्ली स्वतःच्याच खिशात सापडल्यासारखे. "आणि हे? हे कुठे धरलंस?"

"धरलं नाही. हात सुटला होता."

"अगं, तुझे मास्तर तिकडे नव्हते शिकवायला! तिकडे ह्याचा पगार देतात. पगार दिला म्हणजे ते नगात आलं. दिवसातून दोनदा. बावीस दुणे?"

"चव्वेचाळीस."

"मग घाल की नगात. किती होतात?"

तिने कागदावर न लिहिताच सांगितलं. "चार-सदतीस."

"झालं तर!" साहेबांनी टेबलावर बोटं वाजवली. "सुटलीस तू. उद्या दुपारपर्यंत पक्का तक्ता दे. पोरगी कशी आहे?"

"बरी आहे."

खरं म्हणजे पोरगी बरी नव्हती. म्हणजे आजारी नव्हती, पण चार दिवसांपासून बाटली तोंडात घेत नव्हती. जिभेने रबरी बोंडी बाहेर ढकलून देत होती, आणि संध्याकाळी आई आली की दूध पुरं पडत नव्हतं. "आटत चाललंय गं," सासूबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. पीठ संपत आलंय म्हणावं तशा म्हणाल्या. "पिऊन पिऊनच येतं ते. दिवसभर पाजायचं नाही, पिळायचं ते मोरीत ओतून द्यायचं, मग अंगाला तरी काय कळणार कुणासाठी करायचं?" ह्याचं उत्तर तिच्याकडे होतं, पण ते मिनिटांत होतं. इकडे शौचालयात सहा मिनिटं मिळतात. सातव्या मिनिटाला दारावर टकटक होते, कारण चाळीस बायांना तीन दारं. सहा मिनिटांत नीट काढून डब्यात भरता येत नाही. कोटाची बटणं, हात धुणं, रडू येऊ नये म्हणून आरशात न बघणं. छातीतली कळ तेवढी मोडायची आणि नळ सोडायचा. "अहो आई, बघते मी काहीतरी," ती म्हणाली. नवऱ्याला तिने जेवताना तिकडच्या बाईची गोष्ट सांगितली. तो विमा कचेरीत लोकांच्या मरणाचे अर्ज तपासतो, त्यामुळे घरी आल्यावर त्याला फक्त विनोद सुचतात. "मग आपण तिकडेच जाऊन राहू या," तो म्हणाला. "बाई उठून गेली तरी खुर्ची पगार घेते म्हणजे काय! मी तर खुर्चीलाच नोकरीला लावीन आणि घरी झोपीन." सासूबाई हसल्या, तीही हसली. ठकी तिच्या मांडीवर डावीकडे सात मिनिटं प्यायली, उजवीकडे नऊ, मग चिडून पाठ ताठ केली. ती मोजत होती, हे तिला मोजून झाल्यावर कळलं.

तिची आई घरी बसून यंत्रावर स्वेटर विणायची. दुकानदार लोकर आणून टाकायचा आणि तयार स्वेटर मोजून न्यायचा, त्यामुळे त्या कामाला तास असे नव्हतेच. उजेड होता तोवर काम होतं. यंत्राला एक सरकता दांडा होता, डावीकडून उजवीकडे खर्र, उजवीकडून डावीकडे खर्र, एक ओळ. धाकटा भाऊ तेव्हा अंगावर होता. आई त्याला डाव्या हातावर पदराखाली घ्यायची आणि उजव्या हाताने दांडा सरकवत राहायची. खर्र, खर्र. तो त्या आवाजात पिता पिता झोपायचा. ती शेजारी पाढे म्हणत बसलेली असायची आणि पाढे चुकले की आई दांड्याच्या लयीत न थांबता दुरुस्त करायची, सात सत्ते एकोणपन्नास, खर्र. आज, जेवणानंतर भांडी पुसत असताना, तिला पहिल्यांदा वाटलं की आपण घड्याळ घेऊन त्या खोलीत उभं राहिलो असतो तर काय लिहिलं असतं? हात सुटलाच नव्हता. अंगठा एकदाही खाली गेला नसता. तक्त्यात एकही खंड नाही, कारणाचा रकाना कोरा, कार्यक्षमता उत्तम. मास्तरांनी असा तक्ता भिंतीवर लावला असता. भाऊ पोटभर प्यायला होता, आता चांगला सहा फूट आहे, आणि ते दूध कुठल्याच कागदावर नाही. आणि आईचा उजवा खांदा तिच्या शेवटच्या वर्षांत वर जायचाच नाही, वेणी घालायला शेजारीण यायची, तेही कुठल्या कागदावर नाही.

अंथरुणावर पडल्यावर तिने मनात तिकडच्या कारखान्यातल्या खुर्च्या लावल्या, चाळीस. त्यांच्यात निळ्या स्वेटरची अशी एखादीच असणार. तिची चव्वेचाळीस मिनिटं चाळीसजणींत वाटली तर एका नगामागे एक सेकंदसुद्धा येत नाही. चार-दहाचे चार-अकरा होतील, फार तर. साहेबांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांना ते एका बाईचं दूध सगळ्या लाईनच्या डोक्यावर ओतून हवं होतं. आणि मग मुख्य कचेरीत कुणीतरी म्हणेल, तिकडे वेळ फार वाया जातो. लाईन इकडे येईल. तिकडची ती बाई, जिला माहीतही नाही की आपलं उठणं कुणी तरी दुसऱ्या देशात दोनदा पाहिलं, ती एक दिवस स्वेटर काढून घेईल आणि खुर्ची खरंच रिकामी होईल. ह्यात आपलं काय जातं? तिने स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. काही जात नाही, उलट येतं. ती माझी कोण लागते? कोणी नाही. आपण कुठे खोटं लिहितोय, उठली होती म्हणून उठली लिहितोय. सगळी उत्तरं बरोबर येत होती आणि तरी परीक्षेत बेरीज जुळूनही गणित चुकल्याची शंका येते तशी ती पुन्हा पुन्हा तपासत होती. तिला त्या बाईबद्दल प्रेम वाटत नव्हतं. खरं तर थोडा मत्सरच वाटत होता. बावीस मिनिटं! काय करत असेल इतका वेळ? दार लावून खुर्चीत टेकून बसत असेल. खिडकी असेल. डोळे मिटत असेल, एखादं मिनिट तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मजल्यावर गेली तशी रांगेच्या टोकाकडून आवाज आला, "आली गं टिकटिक! सेकंदांची सावकारीण आली. हात आवरा." बायका हसल्या आणि सगळ्यांचे हात एकदम जड झाले. घड्याळ दिसलं की हात जड करायचे हा तिथला अलिखित कायदा, आणि ते ओळखून आकड्यातून थोडं कापायचं ही तिची विद्या. बोलणाऱ्या त्या काकू. वीस वर्षं ह्याच भिंगाखाली, सगळ्यांत जुन्या, सगळ्यांच्या काकू. कानात एक तयार यंत्र घालून त्या ऐकून पाहत होत्या, त्यामुळे जरा मोठ्याने बोलत होत्या. "काय गं, तोंड का उतरलंय? लाईन येणार म्हणतात. तिकडची बाई बावीस मिनिटं खुर्ची सोडून जाते, साहेब काल हसून सांगत होते."

"येईल बहुतेक."

"मग पेढे द्यायचे सोडून?" काकूंनी मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या कोटाकडे. फाइल छातीशी धरली होती तरी पाहिलं. त्या आवाज न बदलता म्हणाल्या, "माझ्या दोघांच्या वेळी मी कापसाचे बोळे ठेवायची. थोरल्याला तिसऱ्या महिन्यात अंगावरून तोडला. आटलं की सुटतो जीव. तुझंही आटेल, आठ दिवस त्रास होतो फक्त."

हे दिलासा म्हणून सांगितलं होतं, आणि त्यात दिलासा होताही. आठ दिवस. आठ दिवसांनी कळ येणार नाही, ओल येणार नाही, ठकी हरून बाटली घेईल, लाईन येईल, करार जाऊन कायम होईल. सगळं आपोआप, काही न करता. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजायला आले होते. दोन्हीकडून कळ यायला लागली होती, घरी ठकीही ह्याच वेळेला जागी होते. तिच्या पिशवीत धुतलेला स्टीलचा डबा आणि एक रिकामी बाटली होती; सकाळी निघताना आपण ती का टाकली ह्याचा तिने विचार केला नव्हता. तिने पट्ट्यातून डोकं काढलं आणि घड्याळ काकूंपुढे धरलं.

"काकू, हे जरा धरता?"

"मी?" काकूंनी हात कोटाला पुसले. "मी काय करू ह्याचं?"

"हे बटण. मी निघाले की दाबायचं. मग मध्ये काही झालं तरी हात लावायचा नाही. मी परत येऊन तिथे माझ्या खुर्चीत बसले की पुन्हा दाबायचं."

"आणि साहेब आले तर?"

"विचारलं तर सांगा, माप चाललंय."

"कुणाचं?"

"माझं."

सुट्या भागांच्या कोठीला आतून कडी होती. तिने ती लावली. तारांच्या रिळांच्या खोक्यावर बसली, पाठ भिंतीला लावली. पहिली तीन-चार मिनिटं काहीच आलं नाही. अंग टकटक होण्याची वाट बघत आखडून राहिलं होतं. टकटक झाली नाही. भिंतीपलीकडे हवेचा पंप चालू बंद होत होता, खर्र, थांबून खर्र. मग ते आलं, आधी थेंब थेंब, डब्याच्या तळाशी बारीक वाजत, मग न वाजता. ती छताजवळच्या झरोक्यातून दिसणारा आभाळाचा चौकोन बघत राहिली. त्यात काही नव्हतं. आपण किती वेळ बसलोय ते तिला सांगता आलं नसतं. सहा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

ती वळणावर आली तेव्हाच काकू अंगठा उगारून सरसावून बसल्या होत्या. "पावलं ऐकली मी तुझी," त्या कानातल्या यंत्राकडे बोट दाखवत म्हणाल्या. "बस आता. बसलीस? हां." त्यांनी दाबलं आणि भिंगाखाली घड्याळ धरून वाचलं. "चोवीस मिनिटं अकरा सेकंद. अगं बाई! तिकडच्या गोरीपेक्षा दोन मिनिटं जास्त."

"तिकडची गोरी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मग काय काळी आहे?"

"तोंड नीट दिसत नाही, हात दिसतात. आपल्यासारखेच आहेत. डाखाने भाजलेले."

काकूंनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. बाकीच्या बायका कामाकडे बघत ऐकत होत्या. घड्याळ काकूंकडे होतं, त्यामुळे कुणाचे हात जड झाले नव्हते.

दुपारी तिने पक्का तक्ता साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि उभी राहिली. पिशवी खांद्याला होती, तिच्यातली भरलेली बाटली कमरेला लागत होती. साहेब वरून खाली वाचत आले. तिकडे: खंड एक, कारण बाळ, बावीस मिनिटं, पगारी. त्यांनी मान हलवली. मग त्यांचं बोट शेजारच्या रकान्यात गेलं आणि थांबलं. इकडे: खंड एक, कारण बाळ, चोवीस मिनिटं अकरा सेकंद.

"हे काय?"

"माप. दोन्हीकडे एकच लावलंय."

"ही कोण इकडची?"

"मी, साहेब."

त्यांनी वर पाहिलं नाही. दुणे करून, नगात घालून, खालचा आकडा त्यांनी स्वतःच काढला. "सव्वासहा. सव्वासहा झाले की आपले! लाईन गेली मग." आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "तू कुठे जाशील, कळतंय का तुला?"

"चाळीसजणींत वाटा, तर काहीच बिघडत नाही. एक-दोन सेकंद वाढतात."

"आणि तिकडचं?"

"तिकडचंही वाटायचं."

"म्हणजे चार-अकरा. म्हणजे मी परत तिथेच."

काचेपलीकडे काकूंनी मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली. साहेबांनी कागद जवळ ओढला. त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर आलं. तिकडच्या ओळीत तिथे पगारी लिहिलं होतं, इकडच्या ओळीत काहीच नव्हतं.

"आणि हा कोरा का? हाही भरून टाकायचास की."

"तो मी नाही भरू शकत," ती म्हणाली. "तो तुम्ही भरायचा."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. काढून हातात धरलं, मग टेबलावर ठेवलं, मग पुन्हा उचललं. पेनाचं टोक कोऱ्या चौकोनाच्या वर थांबलं होतं. तिचा अंगठा कोटाच्या खिशात बटण शोधत होता, जुन्या सवयीने, पण घड्याळ काकूंकडेच राहिलं होतं. तिने हात बाहेर काढला, बाटलीवर ठेवला, आणि न मोजता उभी राहिली.